‘नाही’ लिहिता येईल एवढी नोकरी

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र राज्य वन्यजीव मंडळ

विषय : कंत्राटी जीवशास्त्रज्ञाच्या टिपणीत वाढलेल्या दोन शब्दांबाबत.

महोदय,

सरकारी पत्राला विषय लागतो, संदर्भ लागतो. विषय वर दिला आहे. संदर्भ म्हणून जावक क्रमांक द्यायला हवा होता, पण ज्या टिपणीबद्दल हे पत्र आहे तिला जावक क्रमांक कधी पडलाच नाही. ती माझ्या लॅपटॉपवर तयार झाली, छापून वरच्या टेबलावर गेली, तिथे तिच्यात दोन शब्द वाढले आणि मग ती दुसऱ्याच्या सहीच्या अभिप्रायात साखरेसारखी विरघळली. आपल्यापैकी काहींनी तो अभिप्राय बैठकीआधी वाचलाही असेल. गोडच लागला असणार.

मी पूर्व विदर्भात वन विभागासाठी वन्यजीव जीवशास्त्रज्ञ म्हणून काम करते. ‘विभागासाठी’ म्हणते, ‘विभागात’ म्हणत नाही, कारण माझी नेमणूक व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानामार्फत, एकत्रित मानधनावर, अकरा महिन्यांच्या करारावर आहे. १ मे ते ३१ मार्च. एप्रिल महिना खंड. सलग ठेवले तर माणूस कायमपणाचा हक्क सांगेल, ही त्यामागची जुनी भीती. कंत्राटावर राबलेल्या कुणालाही हा खंड समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे त्यात भर एवढीच, की एप्रिल हा मोहाचा महिना.

विदर्भाबाहेरच्या सदस्यांसाठी सांगते. मोहाची फुले रात्री गळतात. बायका पहाटे अंधारातच टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, कारण उशीर केला तर फुले दुसरी कोणी वेचून नेते, नाहीतर चितळे आणि अस्वले खाऊन टाकतात. वेचणारी बाई वाकलेली असते, मान खाली, बहुतेकदा एकटी. मागच्या झुडपात कोण आहे हे तिला दिसत नाही, आणि झुडपात जो आहे त्यालाही ती दोन पायांवर चालणारा माणूस वाटत नाही. मोह सरतो न सरतो तोच तेंदूपत्ता सुरू होतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात पत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. कोणत्या वाटेवर वाघीण पिल्लांसह आहे, कोणत्या नाल्याकडे या आठवड्यात जाऊ नका, हे गावोगाव फिरून सांगणाऱ्या माणसाची ज्या तीस दिवसांत सर्वात जास्त गरज असते, त्याच तीस दिवसांत मी कागदोपत्री नसते. फोन येतो आणि मी जाते. स्कूटी माझी, पेट्रोल माझे. त्याबद्दल शाबासकी नको. एप्रिलमध्ये मला अस्वलाने धरले तर पंचनाम्यात माझा हुद्दा काय लिहायचा, तेवढे कोणीतरी आधी ठरवून ठेवावे.

राज्यात २००६ च्या गणनेत १०३ वाघ होते. २०१८ मध्ये ३१२ झाले, २०२२ मध्ये ४४४. दर २९ जुलैला या आकड्यांचे फलक लागतात. आकडा कसा तयार होतो ते थोडे सांगू द्या, कारण जिप्सीत बसून वाघ बघणे हेच आमचे काम, असा समज मंत्रालयापासून माझ्या सासरपर्यंत सगळीकडे आहे.

जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात कॅमेऱ्यांची जोडी, वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर. दोन का, तर वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, आणि एका ठिकाणी डावी, दुसऱ्या ठिकाणी उजवी बाजू मिळाली तर एका वाघाचे दोन वाघ होऊन बसतात. कॅमेरे निदान पंचवीस दिवस चालले पाहिजेत. बॅटऱ्या बदला, कार्डे बदला. गवताची काडी वाऱ्याने हलत राहिली तर रात्रभर काडीचेच फोटो. अस्वलांना कॅमेऱ्याचा पट्टा चावायला इतके का आवडते, हे मला अजून उमगलेले नाही. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यातून ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले, वाघांचे ७६,६५१. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. हिशेब केला तर साडेचारशे फोटोंमागे एक वाघाचा. बाकीचे निवडायला आता संगणक मदत करतो, पण शेवटचा डोळा माणसाचाच लागतो.

त्या बाकीच्यांत माणसेही येतात. सरपणाची मोळी घेतलेल्या बायका, हरवलेली गाय शोधणारा गुराखी, आडोशाला बसलेली पोरगी. माझ्या पहिल्याच वर्षी एका साहेबांनी सहज विचारले, ‘‘यातल्या मोळीवाल्या ओळखता येतील का? केस करता येईल.’’ मी म्हटले, सर, कॅमेरे वाघासाठी आहेत असे गावात सांगून लावले आहेत. माणसांचे फोटो मी पुसून टाकले. तसे करण्याचा अधिकार मला होता की नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारायला गेले नाही. त्या गावाच्या हद्दीतून नंतर एकही कॅमेरा चोरीला गेला नाही. या दोन गोष्टींचा संबंध आहेच, असे मी म्हणणार नाही. नमुना फार लहान आहे.

आमच्याकडे एक वनमजूर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. शाळा चौथीपर्यंत. वाघाचा पाय पहाटेच्या आधीचा की नंतरचा, हे ते मातीवरच्या दवावरून सांगतात. मी त्यांच्याकडून जेवढे शिकले तेवढे विद्यापीठात शिकले नाही. तेही रोजंदारीवरच आहेत, पण त्यांचे दुखणे माझ्यापेक्षा जुने आणि मोठे. ते या पत्रात कोंबले तर अपमान होईल.

आता माणूस मेल्यावरचे काम. पंचनामा वनपाल आणि पोलीस करतात, प्रेत उचलताना गाव गोळा झालेले असते. आम्ही जखमेवरची लाळ कापसाच्या बोळ्यावर घेतो, डीएनएसाठी. पायाचे ठसे मोजतो. आसपासच्या वाटांवर त्याच दिवशी कॅमेरे लावतो आणि आलेला पट्ट्यांचा नमुना आधीच्या फोटोंशी ताडून पाहतो. हे सगळे एवढ्यासाठी, की पिंजऱ्यात भलतेच जनावर जाऊ नये. भलता वाघ पकडला तर गाव निर्धास्त होते, पोरे पुन्हा शेताच्या बांधावर जातात, आणि खरा वाघ तिथेच असतो. पण हे समजावून सांगायची ती वेळ नसते. एकदा एक म्हातारी माझ्यासमोर उभी राहिली. सून गेली होती. रडत नव्हती. म्हणाली, ‘‘मॅडम, तुमचा वाघ तुमी घेऊन जा ना जी.’’

तुमचा वाघ. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. शासन आज मृताच्या वारसांना २५ लाख रुपये देते, आणि ते दिलेच पाहिजेत. पण त्या बाईला पैशांआधी एका प्रश्नाचे उत्तर हवे होते: तो पुन्हा येईल का? अशा वेळी गावाला, पुढाऱ्यांना, वार्ताहरांना, साहेबांना, सगळ्यांनाच जीवशास्त्रज्ञाच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचे असते, की हाच तो वाघ. आणि खरे उत्तर बरेचदा असते, ‘अजून सांगता येत नाही.’ एवढे म्हणायला फार विद्या लागत नाही. पाठीशी काहीतरी लागते.

ते नसले की काय होते, ते माझ्याच टिपणीवरून सांगते.

धानपट्ट्यातल्या एका कालव्याचे काम होते. सिमेंटचे अस्तर, तिरपे काठ, पाण्याला ओढ. अशा कालव्यात जनावर उतरते, तहानेने किंवा पलीकडच्या जंगलाच्या ओढीने. उतरता येते, चढता येत नाही. खूर सिमेंटवर घसरतात, जनावर काठाशी झोंबत प्रवाहाबरोबर वाहत जाते आणि दमले की बुडते. मी आणि मामा दोन्ही काठ पायी चाललो, जनावरांच्या वाटा कुठे कालव्याला छेदतात त्या टिपल्या, विष्ठा, ठसे, झाडांवरचे ओरखडे, सगळे. चार किलोमीटरच्या एका पट्ट्यात वाटांची दाटी होती. मी लिहिले: ‘या पट्ट्यात कालवा उघडा ठेवू नये. तो झाकावा, अथवा जनावरांना जाण्यासाठी त्यावर मातीचे रुंद पूल द्यावेत, आणि पडलेले जनावर वर येईल असे खडबडीत उतार ठरावीक अंतरावर बांधावेत.’

साहेबांनी बोलावले. चहा मागवला. चांगले गृहस्थ होते, हे मुद्दाम लिहिते. एका जखमी बिबट्यासाठी त्यांना रात्रभर शेताच्या बांधावर बसलेले मी पाहिले आहे. म्हणाले, ‘‘मॅडम, भाषा जरा कडक झाली. ‘शक्य तेथे’ घालू या. वर पाठवायला बरे पडते.’’ मार्च महिना होता. माझ्या पुढच्या कराराची फाईल त्याच टेबलावर, माझ्या टिपणीच्या खाली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. मी पाहिले. ‘‘चालेल सर,’’ मी म्हटले. मला कोणी धमकावले नाही, दटावले नाही, म्हणून ही चूक दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. ती माझी आहे.

बांधकाम खात्याच्या भाषेत ‘शक्य तेथे’ म्हणजे ‘अंदाजपत्रकात बसेल तेथे’, आणि अंदाजपत्रक माझी टिपणी लिहून होण्याआधीच मंजूर झालेले होते. आज त्या चार किलोमीटरमध्ये बाहेर यायला एकच उतार आहे, आणि तोही जनावरांसाठी नाही. गावातल्या बायकांनी धुणी धुवायला घाट मागून घेतला, तो. संध्याकाळी बायका गेल्या की चितळे तोच वापरतात. आजवर किती जनावरे बुडाली, हे कोणी सांगू शकत नाही, कारण मोजणे कोणाच्याच कामात बसत नाही. मी सुट्टीच्या दिवशी फेरी मारते आणि वहीत नोंदी करते. सवडीने केलेल्या नोंदींना शास्त्रात किती किंमत असते, ते मीच दुसऱ्यांना शिकवत आले आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, बाई विकासाच्या आड येते आहे. माझ्या वडिलांची धानाची बांधी कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाच्या गावात आहे. पाणी तिथवर पोचत नाही म्हणून पाटबंधारे खात्याला ते कोणत्या शब्दांत आठवतात, ते इथे लिहिता येत नाही. कालवा मलाही हवा आहे. निर्णय जीवशास्त्रज्ञाच्या हाती द्या, असे मी म्हणतच नाही. निर्णय आपलाच. फक्त तो घेताना आपल्यासमोर आमचे मूळ वाक्य असावे.

आज ते असायला जागाच नाही. अभयारण्यातल्या किंवा व्याघ्र प्रकल्पातल्या जमिनीचा प्रस्ताव आपल्याकडे आणि पुढे राष्ट्रीय मंडळाच्या स्थायी समितीकडे जातो, तेव्हा त्या अर्जाचा एक भाग प्रकल्प यंत्रणा भरते, पुढचे उपवनसंरक्षक, वनसंरक्षक, मुख्य वन्यजीव रक्षक. जो माणूस महिनोन्‌महिने त्या जमिनीवर पायी फिरला त्याच्यासाठी रकाना नाही. त्याचे म्हणणे उपवनसंरक्षकांच्या अभिप्रायात ‘समाविष्ट’ होते. कसे होते, ते वर सांगितलेच.

आमचे ऐकले तर काय होते, याचे उदाहरण नागपूरच्या सदस्यांना रोजच्या रस्त्यावरचे आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंच व्याघ्र प्रकल्पातून जातो. त्याच्या चौपदरीकरणावरून वर्षानुवर्षे वाद झाला, न्यायालयात गेला. अखेर मनसर ते खवासा या भागात जनावरांसाठी नऊ ठिकाणी रस्ता उचलला गेला. यातली सर्वात आखूड मार्गिका ५० मीटरची आहे, सर्वात लांब ७५० मीटरची. एवढी लांबी का, असे त्या वेळी अनेकांनी विचारले होते. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने पुलांखाली कॅमेरे लावले तेव्हा १८ जातींचे वन्यप्राणी खालून जाताना दिसले, त्यात ११ वेगवेगळे वाघ. वरून ट्रक, खालून रानकुत्र्यांचा कळप. तिथे कोणी ‘शक्य तेथे’ लिहिले असते तर रस्त्याखाली एक पाइपची मोरी मिळाली असती आणि त्यावर हरणाचे चित्र रंगवलेले असते.

न ऐकण्याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातले. जुन्नरच्या उसात बिबटे दिसू लागले तेव्हा २००१ पासून पिंजरे लागले, शंभरावर बिबटे पकडले गेले आणि त्यातले बरेच दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडले गेले. हेतू वाईट नव्हता. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे त्या सगळ्या नोंदी तपासल्या. आधी जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते या काळात १७ वर गेले. हल्ल्यांत माणूस दगावण्याचे प्रमाणही दुप्पट झाले. त्याचे कारण कळायला अवघड नाही. बिबट्याला आपला इलाखा असतो, त्यातली कोंबडी-कुत्री-माणसांची वेळापत्रके त्याला पाठ असतात. त्याला उचलून अनोळखी जागी टाकले की तो बिथरतो, परत फिरायला बघतो, आणि त्याच्या रिकाम्या जागेवर दोन नवखे तरणे येऊन बसतात. २००९ मध्ये माळशेजजवळ माग काढणारी कॉलर लावून सोडलेला एक नर बिबट्या शंभर किलोमीटरहून जास्त चालून मुंबईच्या जंगलापर्यंत गेला. एवढे सगळे कळून वीस वर्षे होत आली, तरी आजही बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची, आणि पिंजरा लागतो. ज्याच्या घरातले लेकरू गेले त्याने पिंजरा मागितला तर मी त्याला ग्राफ दाखवणार नाही. पण ज्याने निर्णय घ्यायचा त्याच्या टेबलावर तो ग्राफ असायला काय हरकत आहे? तो ठेवणारा माणूस तिथे टिकत नाही, ही हरकत आहे. माझ्या आधी या जागेवर चार वर्षांत तिघे येऊन गेले. त्यांचे काम मला एका हार्ड डिस्कवर मिळाले, ‘न्यू फोल्डर २’ नावाने.

जीवशास्त्रज्ञ म्हणजे कायम नकार देणारा, हा आणखी एक गैरसमज. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले ते ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात माळरान होते तशी गावे होती, उसाची शेते होती, बाजारपेठा होत्या. स्वतःच्या मळ्यात विहीर खणायची तरी परवानगी, म्हणून लोक पक्ष्यावरच चिडले. पुढे अनेक वर्षांनी ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, तोवर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पक्षी बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. १९७९ मध्ये माळरानावर पायी फिरलेल्या एखाद्याने सांगितले असते, साहेब, एवढे नको, हे आणि हे माळ द्या, पण तेवढे खरेच राखा, तर? त्या वेळी कोणी तसे म्हटले असेलही. फाईलवर उरले नाही.

नियमनाच्या दुसऱ्या टोकाची कथा अशीच आहे. केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणीय परिणामांचा अहवाल प्रकल्पवाल्याने नेमलेला, त्यानेच पैसे दिलेला सल्लागार तयार करतो. आमच्याकडे अभिप्रायासाठी असे अहवाल येतात. त्यातले प्राणिजीवनाचे प्रकरण मी आधी उघडते, ‘आढळणारे प्राणी : गाय, कुत्रा, कावळा, साधा सरडा’ हे वाचायला. नोंदी एका ऋतूच्या, आणि तो ऋतू पावसाळा नसतो, म्हणजे बेडूक, साप, पाणपक्षी, निम्मे जग आपोआप वगळले जाते. रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात तर रशियातल्या खाणीच्या अहवालातली वाक्ये जशीच्या तशी उतरली होती, आणि कोकणात स्प्रूस आणि बर्चची झाडे उगवली होती. लोक हसले. मला ते प्रकरण लिहिणाऱ्या पोराची कीव येते. त्याला आठ दिवस दिले असतील, गाडी दिली नसेल, आणि ‘इथे खाण नको’ असे लिहिले तर पुढचे काम मिळणार नाही हे न सांगता कळत असेल. तो आणि मी एकाच माळेचे मणी. फरक एवढाच, की त्याला प्रकल्पवाला पैसे देतो आणि मला आपण.

भ्रमणमार्गांचे तर विचारूच नका. दोन व्याघ्र प्रकल्पांना जोडणारी जमीन मन मानेल तशी वळवता येत नाही, असे वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३८-ओ सांगते. देशातले ३२ प्रमुख भ्रमणमार्ग नकाशावर आखलेले आहेत. पण नकाशा रेघ दाखवतो आणि वाघ रेघेवरून चालत नाही. २०१९ मध्ये कॉलर लावलेला एक तरुण नर यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघाला, तेलंगणाची हद्द ओलांडून, मराठवाड्याच्या कडेने, शेतांमधून, ओढ्यांमधून, रात्री महामार्ग ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत ३,००० किलोमीटर. वाटेत बहुतेक ठिकाणी तो येऊन गेल्याचे गावाला कळलेही नाही. अशा जमिनीवरच्या प्रस्तावावर मत द्यायचे तर तिथली शेते, नाले, कुंपणातल्या तारा, रानडुकरांसाठी रात्री सोडलेला करंट, सगळे ठाऊक असलेला माणूस लागतो. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था उत्तम आहे. पण ती प्रत्येक नाल्यावर येऊ शकत नाही.

तेव्हा मागणी. जीवशास्त्रज्ञाची टिपणी त्याच्या सहीने, तारखेने, जशीच्या तशी प्रस्तावाला जोडली जावी. अधिकाऱ्यांना ती पटली नाही तर त्यांनी खाली लिहावे, ‘सहमत नाही, कारण…’ आणि त्याच्याखाली स्वतःची सही करावी. हे दोन्ही कागद ‘परिवेश’ या केंद्राच्या मंजुरी-प्रस्तावांच्या पोर्टलवर सर्वांना दिसावेत. वाघिणीच्या गुहेचे, घरट्यांचे नेमके ठिकाण तेवढे झाकून ठेवा. आणि अशी टिपणी लिहिणाऱ्याला लोकसेवा आयोगामार्फत भरलेले पद द्या, वनसेवेची पदे भरता तसे. तेवढे आज जमत नसेल तर निदान पाच वर्षांचा सलग करार, म्हणजे एका व्याघ्रगणनेपासून दुसरीपर्यंत तोच माणूस तेच जंगल पाहील. अशी पदे व्याघ्र प्रकल्पांपुरती नकोत. वाघ आता प्रादेशिक विभागांच्या जंगलात, धानाच्या बांध्यांत आहे, बिबट्या उसात आहे. आणि काही करा, पण खंड एप्रिलमधून हलवा. पावसाळ्यात ठेवा हवा तर. तेव्हा निदान गाभा क्षेत्रातले रस्ते बंद असतात.

पैशांचे म्हणाल तर माझे वर्षाचे मानधन एका पर्यटन महोत्सवाच्या मंडपाइतके भरेल की नाही, शंका आहे. हे वाक्य हिशेब न करता लिहिले आहे. चिडून लिहिले आहे. खोडणार होते, राहू देते.

नाव न लिहिण्याबद्दल क्षमा असावी. ज्यांना ओळखायचे ते ओळखतीलच, कालवे काही शंभर नाहीत. पत्र वाचून कोणी मला विचारले तर मी नाकारणार नाही, एवढे ठरवूनच लिहायला बसले. आज मार्चची २३ तारीख. ३१ ला करार संपतो. मामांनी काल सांगितले, नाल्यापलीकडच्या मोहाखाली वाघिणीचे पाय आहेत, सोबत छोटे पाय दोन जोड. तिथल्या टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, बायकांना उद्या पहाटे जाऊन सांगायचे आहे.

आपली विश्वासू,
एक कंत्राटी वन्यजीव जीवशास्त्रज्ञ,
पूर्व विदर्भ

सोबत : कालव्याबाबतच्या टिपणीचा मूळ मसुदा, पाने ६. पान ४ वरील शिफारशीत ‘शक्य तेथे’ हे शब्द नाहीत.